प्रोटॉन कुणी दिला, कुणी घेतला?

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं मी बाजूला काढून ठेवली. एक लातूरच्या बारावीतल्या मुलीचं, एक मालवणच्या ताईंचं, एक सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकरी दादांचं, एक ठाण्याच्या काकांचं आणि एक सातवीतल्या मुलाचं. विषय पाच, पण उत्तरं लिहायला बसले तेव्हा प्रत्येक वेळी एकच गोष्ट कागदावर यायला लागली, आम्ल आणि आम्लारी यांच्यातली प्रोटॉनची देवाणघेवाण. म्हणून हा अंक या पाचांचा. औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, लॅबमध्ये मी ३१ वर्षं काढली आणि त्यातली निम्मी तरी ब्युरेटसमोर (थेंब थेंब मोजून द्रावण सोडायच्या काचेच्या नळीसमोर) उभी राहून गेली. या विषयावर थोडं जास्त लिहिलं गेलं तर समजून घ्या.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. आम्ल-आम्लारीच्या तीन व्याख्या आहेत, अऱ्हेनियसची, ब्रॉन्स्टेड-लॉरीची आणि लुईसची. क्लासमध्ये तिन्ही पाठ करून घेतात. पण अमोनियात ओएच नाहीच, मग तो आम्लारी कसा? आणि तीनपैकी खरी व्याख्या कोणती?
(विद्यार्थिनी, लातूर)

तुझा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण 'ओएच नाहीच' हे तुला खटकलं. ते ज्यांना खटकलं त्यांनीच ही व्याख्या बदलली.

आधी अऱ्हेनियस. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात १८८४ साली त्याने प्रबंध दिला. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे विद्युतभारित तुकडे, म्हणजे आयन, होतात, अशा अर्थाची त्याची मांडणी होती. परीक्षकांना ती पटली नाही, श्रेणी खालची मिळाली. त्याच कामातून पुढे आलेल्या सिद्धान्तासाठी १९०३ साली त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्या मते पाण्यात हायड्रोजन आयन देतं ते आम्ल आणि हायड्रॉक्साइड (ओएच) आयन देते ती आम्लारी. हायड्रोक्लोरिक ॲसिड, कॉस्टिक सोडा, चुन्याची निवळी, सगळं यात नीट बसतं.

पण यात पाणी गृहीत धरलेलं आहे. पाणी काढून घेतलं की ही व्याख्या मुकी होते.

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये आमच्या मॅडमनी एक प्रयोग दाखवला होता, तो मला आजही जसाच्या तसा दिसतो. हातभर लांबीची काचेची नळी, दोन स्टँडवर आडवी. एका टोकाला कापसाचा बोळा तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिडात बुडवून, दुसऱ्या टोकाला अमोनियाच्या द्रावणात बुडवून बसवलेला. आम्ही सगळ्या वाकून बघत होतो. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग नळीत मध्यावर नाही, ॲसिडाच्या टोकाकडे जरा सरकून, पांढऱ्या धुराचं एक कडं उमटलं आणि दाट होत गेलं. कडं त्या बाजूला पडतं कारण अमोनियाचा रेणू वजनाने निम्म्याहून हलका, तो जास्त अंतर धावून येतो. त्या कड्यातलं पांढरं म्हणजे अमोनियम क्लोराइड, म्हणजेच आपला नवसागर.

आता बघ. भेटले ते दोन वायू, हवेत भेटले. हायड्रॉक्साइडचा कुठे पत्ता नाही. तरी आम्ल आणि आम्लारी भेटल्यावर व्हायचं ते सगळं झालं. मग नेमकं झालं काय? ॲसिडातून निघालेल्या हायड्रोजन क्लोराइड वायूने आपल्या हायड्रोजनचं केंद्रक दिलं आणि अमोनियाने ते घेतलं. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन, बाकी काही नाही. इलेक्ट्रॉन मागे ठेवून हायड्रोजन निघाला की जातो तो नुसता प्रोटॉन. म्हणून आपण हायड्रोजन आयन म्हणतो तेव्हा प्रोटॉनबद्दलच बोलत असतो. अमोनियाच्या नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनांची एक जोडी मोकळी असते, तिच्यावर तो येऊन बसतो.

१९२३ साली कोपनहेगनमध्ये योहानेस ब्रॉन्स्टेड आणि केंब्रिजमध्ये टॉमस मार्टिन लॉरी या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, नेमकं हेच मांडलं. प्रोटॉन देतं ते आम्ल, प्रोटॉन घेते ती आम्लारी. पाण्याचं नाव नाही, ओएचचं नाव नाही. तुझ्या अमोनियाचा प्रश्न इथे सुटतो. पाण्यात विरघळलेला अमोनिया पाण्याच्याच एखाद्या रेणूचा प्रोटॉन घेतो, आणि प्रोटॉन गेलेलं पाणी म्हणजेच हायड्रॉक्साइड. ओएच अमोनियाच्या पोटात नव्हताच, तो पाण्यातून निघाला. धुण्याच्या सोड्याचंही तेच. सोडियम कार्बोनेटमध्ये ओएच शोधून सापडणार नाही, पण त्याचं पाणी बोटांना बुळबुळीत लागतं, कारण कार्बोनेटने पाण्याचा प्रोटॉन काढून घेतलेला असतो.

या व्याख्येतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आता सांगते. आम्ल असणं ही पदार्थाची जात राहत नाही, समोर कोण आहे त्यावर ते ठरतं. एकच बाई माहेरी लेक असते, सासरी सून असते आणि शाळेत गेली की मुलांची बाई असते. पाण्याचंही तसंच. हायड्रोजन क्लोराइड समोर आला की पाणी प्रोटॉन घेतं, म्हणून तिथे ते आम्लारी. अमोनिया समोर आला की पाणी प्रोटॉन देतं, म्हणून तिथे ते आम्ल. आणि समोर दुसरं कुणीच नसेल तर पाण्याचे रेणू आपसातच हा व्यवहार करतात. २५ अंश तापमानाच्या शुद्ध पाण्यात सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एकाने आपला प्रोटॉन शेजाऱ्याला दिलेला असतो. सामू (पीएच) ७ म्हणतात तो एवढ्याशा देवाणघेवाणीतून येतो. त्याहून मजेची गोष्ट नायट्रिक ॲसिडची आहे. एवढं जळजळीत आम्ल, पण सल्फ्युरिक ॲसिडात घातलं की सल्फ्युरिक ॲसिड त्याला प्रोटॉन देतं आणि नायट्रिक ॲसिड तो मुकाट घेतं. तिथे नायट्रिक ॲसिड आम्लारी आहे! टोल्यूईनवर नायट्रो गट चढवताना दोन्ही ॲसिडं मिसळून वापरतात ती याच कारणाने. प्रोटॉन घेतलेल्या नायट्रिक ॲसिडातून पाणी सुटतं आणि नायट्रो गट बसवणारा खरा कारागीर, नायट्रोनियम आयन, तयार होतो.

इथे आपल्या मराठी शब्दाविषयीही थोडं. आम्लारी म्हणजे आम्लाचा अरी, आम्लाचा वैरी. शब्द सुंदर आहे आणि मी तो बदला म्हणणार नाही. पण त्यामुळे मुलांच्या मनात एक लढाई बसते, की दोघं भिडले आणि दोघं संपले. प्रत्यक्षात देणारा असल्याशिवाय घेणारा नाही आणि घेणारा असल्याशिवाय देणारा नाही. मोकळा प्रोटॉन पाण्यात एकटा भटकत नाही, तो इतका लहान आहे, हायड्रोजन अणूपेक्षा सुमारे साठ हजार पट लहान, की जवळच्या कुणाच्या तरी इलेक्ट्रॉनांना चिकटल्याशिवाय राहतच नाही. पाण्याला चिकटला की त्याला आपण हायड्रोनियम म्हणतो. आणि पाण्यात तो पुढे सरकतो ते स्लॅब टाकताना घमेली हातोहात जातात तसा. या टोकाला चढवलेलं घमेलं आणि त्या टोकाला पोचलेलं घमेलं एकच असेल असं नाही, प्रत्येक रेणू आपल्याजवळचा प्रोटॉन पुढच्याकडे सरकवतो.

प्रोटॉन दिल्यावर आम्लाचं जे उरतं तेही प्रोटॉन परत घेऊ शकतं, म्हणून उरलेली ती संयुग्मी आम्लारी. पेपरात इथे हमखास मार्क जातात. सल्फ्युरिक ॲसिडची संयुग्मी आम्लारी विचारली की मुलं सल्फेट लिहितात. एकाच प्रोटॉनचा फरक हवा, म्हणून उत्तर बायसल्फेट. आणि जो प्रोटॉन सहज देतो त्याचं उरलेलं अंग तो परत मागत नाही. क्लोराइड पाण्यात प्रोटॉन परत मागत नाही म्हणून हायड्रोक्लोरिक ॲसिड तीव्र. व्हिनेगरमधलं ॲसिटेट मात्र सारखं परत मागतं. साध्या ५ टक्के व्हिनेगरमध्ये कुठल्याही क्षणी हजार रेणूंपैकी साधारण पाचांचाच प्रोटॉन पाण्याकडे असतो, बाकीच्यांचा त्यांच्याकडेच.

खरी व्याख्या कोणती, याचं उत्तर तिन्ही खऱ्या. लुईसचं जाळं सगळ्यात मोठं, तो प्रोटॉनही सोडून देतो आणि नुसती इलेक्ट्रॉनांची जोडी कोण घेतो ते बघतो, त्यामुळे बोरॉन ट्रायफ्लोराइडसारखे प्रोटॉन नसलेले पदार्थही आम्लात येतात. त्याचंही साल १९२३च. पण स्वयंपाकघर, शेत, औषध, पोट, जिथे जिथे पाणी आणि हायड्रोजन आहे तिथे ब्रॉन्स्टेड-लॉरीची नजर तुला सगळ्यात जास्त कामाला येईल. खालची चार उत्तरंही वाच, सगळी तुझ्याच प्रश्नाची आहेत.

आणि आजी-आजोबांना कल्हईवाल्याबद्दल विचार. आमच्या चाळीच्या अंगणात तो खड्डा करून भाता पुरायचा. पितळेचं पातेलं निखाऱ्यांवर तापलं की चिमूटभर नवसागर टाकायचा, भसकन पांढरा धूर उठायचा, नाकाला झोंबायचा, मग तो कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने आतून फिरवायचा आणि पातेलं चांदीसारखं लखलखायचं. त्या तापलेल्या पातेल्यात काचेच्या नळीतला प्रयोग उलटा व्हायचा. अमोनियम आपला प्रोटॉन क्लोराइडला परत द्यायचा, हायड्रोजन क्लोराइड सुटायचा आणि भांड्यावरचा काळा ऑक्साइड खाऊन टाकायचा, तेव्हाच कथील धरायचं. उरलेले दोन्ही वायू वर गेल्यावर थंड हवेत पुन्हा भेटायचे आणि प्रोटॉन पुन्हा अमोनियाकडे. तो पांढरा धूर म्हणजे तीच भेट.

प्रश्न : बांगड्याला किंवा सुरमईला कोकम लावून ठेवलं की वास कमी होतो. आमच्याकडे सासूबाईंपासून हे चालत आलंय. कोकम वासाला मारतं म्हणजे काय करतं?
(गृहिणी, मालवण)

ताई, वास येण्यासाठी रेणू उडून नाकापर्यंत यावा लागतो. कोकम त्याचं उडणं बंद करतं.

समुद्राच्या माशांच्या अंगात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो, त्याला स्वतःला वास नाही. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइल अमाइन करतात. माशाचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो मुख्यतः याचा. हा अमोनियाचाच चुलतभाऊ आहे, नायट्रोजनवर तीच मोकळी जोडी, म्हणून हीसुद्धा आम्लारी, अंगात ओएच नसलेली. कोकमात हायड्रॉक्सीसायट्रिक ॲसिड भरपूर असतं. ते अमाइनला प्रोटॉन देतं. प्रोटॉन बसला की त्या रेणूवर धन भार येतो, तो माशाच्या ओलाव्यात विरघळलेला राहतो, हवेत उडत नाही. लिंबू, चिंच, आगळ, तिन्ही हेच करतात. गोड्या पाण्यातल्या माशांत तो मूळ पदार्थ फार कमी असतो, म्हणून त्यांचा वास वेगळा.

एक काळजीची गोष्ट आहे, ती नक्की लक्षात ठेवा. वास दबला म्हणून मासा ताजा झाला असं होत नाही. बांगडा उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, ते कोकमाने जात नाही आणि शिजवूनही जात नाही. चेहरा लाल होणं, अंगावर पित्त उठणं हे त्याने होतं. वास आधी घ्या, कल्ले बघा, कोकम नंतर.

मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं, मटण करत असाल तर त्याला कधी कधी अमोनियाचा उग्र दर्प येतो. शार्कच्या मांसात युरिया असतो आणि तो फुटून अमोनिया होतो. पुढचं पत्र त्याच युरियाचं आहे.

प्रश्न : माझी जमीन भारी काळी, चुनखडीची, माती परीक्षणात सामू ८ च्या वर आला आहे. ज्वारीला वरून युरिया फोकला आणि पाणी द्यायला तीन दिवस लागले. रानात अमोनियाचा वास येत होता. खत वाया गेलं का?
(शेतकरी, सोलापूर जिल्हा)

दादा, काही भाग नक्की गेला. वास आला म्हणजे नत्र हवेत चाललं होतं. मन दुखतं, पण पुढच्या वेळी हे थांबवता येतं, म्हणून सविस्तर सांगते.

मातीत युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते काही दिवसांत युरियाचा अमोनिया करतं. आता हा अमोनिया दोन रूपांत राहू शकतो. प्रोटॉन मिळाला तर अमोनियम. तो धन भाराचा, चिकणमातीचे कण ऋण भाराचे, त्यामुळे मातीला धरून राहतो आणि मुळांना मिळतो. प्रोटॉन नाही मिळाला तर नुसता अमोनिया, तो वायू, वाऱ्यावर गेला. सामू म्हणजे प्रोटॉन किती सहज मिळतो त्याचा आकडा. ढोबळ हिशेब असा. सामू ९.२५ ला निम्मा अमोनिया, निम्मा अमोनियम. सामू ८.२५ ला सुमारे ९ टक्के अमोनिया. ७.२५ ला जेमतेम १ टक्का. सामू एकाने उतरला की उडून जाणारं रूप जवळपास दहापटीने कमी होतं. तुमच्या रानात मुळातच ८ च्या वर सामू, त्यात युरिया फुटताना त्या दाण्याभोवतीच्या मातीचा सामू आणखी वर जातो, वर ऊन. आणि ९ टक्क्यांवरच गोष्ट थांबत नाही. जो उडाला त्याची जागा भरायला अमोनियममधला काही भाग पुन्हा प्रोटॉन सोडतो.

४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असतं, ते मातीत राहायला हवं. तेव्हा युरिया वरती उघडा ठेवू नका. दोन-तीन इंच मातीआड करा किंवा फोकल्या दिवशीच पाणी द्या, म्हणजे तो फुटायच्या आत खाली उतरेल. एकदम सगळा देऊ नका, विभागून द्या. आणि चुलीची राख किंवा चुना युरियाबरोबर किंवा अमोनियम सल्फेटबरोबर कधीही कालवू नका. खात्री करून घ्यायची असेल तर चिमूटभर नवसागर आणि चण्याएवढा ओला चुना खापरावर घासून बघा, डबीतला असतो तोच चुना. लगेच झणका येईल, तोंड लांब ठेवा. चुन्यातल्या हायड्रॉक्साइडने अमोनियमचा प्रोटॉन ओढून घेतला आणि अमोनिया मोकळा झाला. तीन दिवस तुमच्या रानात हेच सावकाश चाललं होतं.

प्रश्न : मला मधुमेह आहे आणि ॲसिडिटीही. गोळीच्या पट्टीवर 'मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड' लिहिलेलं असतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड तर फरशीच्या डागांना वापरतात. ते गोळीत कशाला घालतात? माझी जळजळ त्यामुळेच तर वाढत नसेल?
(ज्येष्ठ वाचक, ठाणे)

काका, पहिली विनंती, गोळी बंद करू नका. मेटफॉर्मिनने काही जणांचं पोट बिघडतं हे खरं आहे, पण त्याचं कारण पट्टीवरचा तो शब्द नाही. जळजळीचं तुमच्या डॉक्टरांना सांगा, गोळी जेवणासोबत घ्यायची का, तेही त्यांनाच विचारा.

आता त्या शब्दाचं. मेटफॉर्मिनच्या रेणूत पाच नायट्रोजन आहेत, म्हणजे ती आम्लारी आहे. कारखान्यात तिला हायड्रोक्लोरिक ॲसिडाकडून एक प्रोटॉन दिला जातो. प्रोटॉन देऊन टाकल्यावर ॲसिडाचं उरतं काय? क्लोराइड, जो तुमच्या मिठाच्या बरणीत आहे. गोळीत ॲसिड शिल्लक नसतं. प्रोटॉन बसलेल्या रेणूवर भार आल्यामुळे औषध पाण्यात छान विरघळतं, कोरडी पावडर टिकाऊ राहते. पट्टीवर 'सिट्रिझीन डायहायड्रोक्लोराइड' दिसलं तर समजा दोन प्रोटॉन दिलेत. आणि 'डायक्लोफेनॅक सोडियम' दिसलं तर उलटं समजा. तिथे औषध स्वतःच आम्ल आहे, त्याचा प्रोटॉन काढून घेतलाय आणि भार सांभाळायला सोडियम बसवलाय. पट्टीवरचं हे दुसरं नाव मी आजही कुणाच्याही घरी गेले तरी वाचते.

अशा आम्लारी औषधांचं प्रमाण मोजणं हे माझं वर्षानुवर्षांचं काम, आणि त्यातली एक गोष्ट मी अजून विसरलेले नाही. यातली पुष्कळशी औषधं पाण्यात मोजता येत नाहीत. आम्लारी दुबळी असली की प्रोटॉन घ्यायला पाणीच मध्ये येतं, ब्युरेटमधून दिलेला प्रोटॉन कुणी घेतला तेच कळत नाही. म्हणून पाण्याला बाहेर ठेवायचं आणि सगळं काम ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडात करायचं, जे व्हिनेगरमध्ये असतं तेच, पण पाण्याविना. ब्युरेटमध्ये परक्लोरिक ॲसिड, तेही ॲसिटिक ॲसिडात केलेलं. तिथे परक्लोरिक ॲसिड ॲसिटिक ॲसिडालाच प्रोटॉन देतं, व्हिनेगरचं आम्ल तिथे आम्लारी होतं, आणि मग त्याच्याकडून तो प्रोटॉन औषधाकडे जातो. काम पुरं झाल्याचं रंग बदलून सांगणारा दर्शक म्हणजे क्रिस्टल व्हायोलेट. फ्लास्कमध्ये आधी गर्द जांभळा, मग निळा, मग एका थेंबात निळ्याचा हिरवा. तो हिरवा दिसला की थांबायचं. त्या एका थेंबासाठी श्वास रोखून उभं राहावं लागतं.

नोकरीतलं माझं तिसरं वर्ष, जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. एका बॅचची माझी दोन रीडिंग जुळेनात. हिरवा येईचना, निळा लांबत चाललेला, अर्धा मिली गेला तरी रंग अडखळतोय. तिसऱ्यांदा केलं, तिसरा आकडा आला. वरिष्ठांनी वहीत 'ॲनालिस्टचा हात कच्चा' असं लिहिलं आणि बॅच अडकली. मला ते फार लागलं. माझा हात कच्चा नव्हता. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी एकेक बाटली तपासत बसले, तेव्हा दिसलं की ग्लेशियलच्या मोठ्या बाटलीचं झाकण नुसतं टेकवलेलं होतं. हवेतली ओल त्या आम्लाने ओढून घेतली होती. पाणी ॲसिटिक ॲसिडापेक्षा सरस आम्लारी. ते आत आलं की प्रोटॉनचा एक नवा गिऱ्हाईक उभा राहतो आणि रंगाची ती एका थेंबाची उडी लांबट, पुसट होते. नवी बाटली फोडली, परक्लोरिक ताजं केलं, त्यात ॲसिटिक ॲनहायड्राइड घालून रात्रभर ठेवलं, ते पाण्याला खाऊन टाकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही रीडिंग दुसऱ्या दशांशापर्यंत जुळली. वहीतला शेरा तसाच राहिला. बॅच मात्र सुटली, आणि ते औषध कुणाच्या तरी घरी वेळेवर पोचलं असणार याचं मला समाधान आहे.

त्यानंतर नवीन मुलगी लॅबमध्ये आली की तिला मी आधी झाकण लावायला शिकवायची आणि मग ब्युरेट धरायला. तापमानाची नोंदही. ॲसिटिक ॲसिड उष्णतेने पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतं, सकाळी भरलेलं आणि दुपारी वापरलेलं मोजमाप सारखं राहत नाही.

प्रश्न : माझ्या पांढऱ्या शर्टावर वरणाचा पिवळा डाग होता. आईने साबण लावला तर तो लाल झाला! मला वाटलं रक्त आलं. धुतल्यावर परत पिवळा. असं का?
(इयत्ता सातवी)

बाळा, तू घरातल्या घरात आम्ल-आम्लारीचा दर्शक शोधलास. हळदीतल्या कुरक्युमिन नावाच्या रंगद्रव्याकडे देण्याजोगे प्रोटॉन असतात. साबणाचं पाणी आम्लारीधर्मी, ते एक प्रोटॉन काढून घेतं आणि प्रोटॉन गेलेलं कुरक्युमिन लाल दिसतं. भरपूर पाण्याने धुतलंस की साबण जातो, पाण्याकडून प्रोटॉन परत मिळतो, पुन्हा पिवळा. पाय मुरगळल्यावर आजी हळद-चुन्याचा लेप लावते तो लाल का दिसतो, तेही आता तुला सांगता येईल.

घरी करून बघ. जुन्या सुती कापडाच्या चार पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळव. एकीवर साबणाचं पाणी टाक, एकीवर धुण्याच्या सोड्याचं, एकीवर लिंबाचा रस, एकीवर खायच्या सोड्याचं. कुठली सगळ्यात लाल झाली ते वहीत लिही. मग त्याच लाल पट्टीवर लिंबू पिळ आणि बघत राहा. सोड्याला हात लावलास तर लगेच धुऊन टाक.

शर्टाचा डाग मात्र साबणाने पूर्ण निघणार नाही. प्रोटॉन गेला-आला तरी रेणू तोच राहतो. उन्हाने तो रेणूच मोडतो. आईला सांग, शर्ट ओला असतानाच कडक उन्हात दोन दिवस टाका.